काट्यावरची म्हैस

कोळशानं गच्च भरलेल्या ट्रकचं वजन माझ्या ॲपनं एका म्हशीएवढं दाखवलं. हे मी अंदाजानं म्हणत नाही. ते वजन खरोखर एका म्हशीचंच होतं.

कन्हानच्या एका कोळसा डेपोसाठी आमच्या कंपनीनं मोबाइल ॲप बनवलं आहे. ट्रक धर्मकाट्यावर उभा राहतो, काट्याचं वजन वायफायवरून मुनशीच्या फोनमध्ये येतं, फोन पावती काढतो, ट्रक पुढे निघतो. हे ॲप पहिल्या ओळीपासून मी एकट्यानं लिहिलेलं. डेपोत नवा काटा बसला. जुना काटा शेडखाली तसाच चालू होता, तो उचलायला माणसं यायची होती. मला फक्त ॲपमध्ये जिथे जिथे जुन्या काट्याचा वायफायवरचा पत्ता आहे तिथे नव्याचा टाकायचा होता. टाकला. सगळ्या स्क्रीनमध्ये टाकला. एकीत राहिला, आणि ती नेमकी पावतीची स्क्रीन निघाली. नव्या काट्यावर ट्रक उभा, जुन्या काट्यावर शेडच्या सावलीत म्हैस बसलेली. पावती म्हशीची निघाली.

मुनशीचा फोन आला. "साहेब, हा भरलेला ट्रक पाच क्विंटल दाखवून राहिला. डायवर म्हणते, मी कोळसा नेऊन राहिलो का कापूस?"

त्याच्या आवाजामागे हॉर्न वाजत होते. लाइन पार रस्त्यापर्यंत गेली होती. नंतर डेपोच्या मालकानं आमच्या साहेबांना फोन केला, साहेबांनी आमच्या टीम लीडला केला, आणि टीम लीडनं फोन न करता मला आपल्या टेबलाजवळ बोलावलं.

ही लीड माझ्यापेक्षा इतकी लहान आहे, की मी पहिला प्रोग्राम लिहिला तेव्हा ती पाटीवर ग म भ न गिरवत असेल. रोज कामठीहून बसनं येते. मला 'सर' म्हणते आणि त्या 'सर'च्या आडून जे बोलायचं ते सगळं बोलते.

"सर, तुमची प्रत्येक स्क्रीन स्वतःचा काटा स्वतःच बनवते."

"म्हणजे?"

"म्हणजे पावतीची स्क्रीन उघडली की ती आतल्या आत एक काटा तयार करते, त्यात पत्ता भरते, जोडून घेते. यादीची स्क्रीन उघडली की ती आपला वेगळा बनवते. म्हणून इतक्या ठिकाणी पत्ता बदलावा लागला आणि एक जागा राहिली."

"राहिली. चुकलो. आता बदलली. विषय संपला."

"संपला नाही ना सर. पुढच्या काट्याला पुन्हा हेच होईल. तुम्ही डिपेन्डन्सी इंजेक्शन लावा. स्क्रीनला काटा लागतो ना? मग तो तिनं बनवायचा नाही. बाहेरून तिच्या हातात द्यायचा. मग खरा द्या, नाही तर टेस्टिंगपुरता खोटा द्या. तिला काही फरक पडत नाही."

खोटा काटा! माझं टाळकं सरकलं. डेपोतले ड्रायव्हर आणि मालक वजनावरून रोज भांडत होते, म्हणून तर हे ॲप बनलं. खोटा काटा म्हटलं की त्या रस्त्यावर कॉलर धरतात लोक. आणि ही एसीत बसून मला खोटा काटा लिहायला सांगते.

"मॅडम," मी म्हणालो (चिडलो की मी तिला मॅडम म्हणतो), "मी काही बदललं की स्वतः कन्हानला जाऊन टेस्ट करतो. शेअरिंग ऑटोत कोंबून जातो, उन्हात उभा राहतो, खऱ्या काट्यावर, खऱ्या ट्रकवर. तुम्ही कधी बघितला आहे का तो डेपो?"

"सर, ते ट्रक आमच्या घरावरूनच जातात," ती म्हणाली. "आणि या वेळी गेला होतात का?"

नव्हतो गेलो. त्या दिवशी ऊन फार होतं.

मग ती शांतपणे म्हणाली, की सोमवारी डेपोचा मालक ऑफिसात येणार आहे. तोपर्यंत ॲप नीट झालं, टेस्टसकट, तर ॲप माझ्याकडेच राहील. नाही झालं तर ती नव्यानं लिहायला घेईल आणि मी सपोर्टला जाईन. आमच्याकडे सपोर्टचं टेबल पाण्याच्या मशीनजवळ आहे. तिथे दिवसभर कानाला फोन लावून 'एकदा बंद करून चालू करा' एवढंच म्हणायचं असतं. तिथे गेलेला माणूस परत आलेला मी बघितलेला नाही.

जाता जाता ती शेजारच्याला म्हणाली, "तसाही लेगसी कोड आहे तो."

लेगसी म्हणजे गेलेल्या माणसानं मागं ठेवलेलं. मी तिथेच उभा होतो. हातात चहा होता.

शनिवारी घरी बसून मी व्हिडिओ बघितले. डिपेन्डन्सी इंजेक्शन शिकवणारा जगातला प्रत्येक माणूस आधी हात हलवून हसतो आणि मग गाडीचं उदाहरण देतो. गाडीला इंजिन लागतं. गाडीनं आपलं इंजिन आपण बनवू नये, बाहेरून घ्यावं. पुढचा व्हिडिओ: गाडी, इंजिन. त्याच्या पुढचा: गाडी, इंजिन, आणि मागे संगीत.

"अरे पण कोणती गाडी बनवते?" मी मोबाइलवर ओरडलो. "दाखव ना एक! कोणत्या गाडीनं आजवर स्वतःचं इंजिन बनवलं?"

बायको शाळेत शिकवते. तिला उन्हाळ्याची सुट्टी होती आणि ती पाइप लावून कुलरमध्ये पाणी भरत होती. माहेर रामटेकचं. शाळेत ती पुस्तकातली मराठी बोलते, घरी मात्र तिकडचीच.

"काहून ओरडून राहिले त्याच्यावर? त्याले ऐकू जात नाही."

"अवं, हे लोक साधी गोष्ट साधी सांगत नाहीत! कन्स्ट्रक्टर म्हणतात, मॉड्यूल म्हणतात, कंटेनर म्हणतात. क्लासच्या, म्हणजे कोडच्या एका तुकड्याच्या, डोक्यावर ॲटचं चिन्ह लावून काहीतरी लिहितात आणि म्हणतात, झालं, आपोआप होते. आपोआप काय होते? इतकी वर्षं मी प्रत्येक गोष्ट हातानं केली. मला कळायला नको कोण करते?"

"मग त्या पोरीलेच विचारा ना."

"कोणाला?"

"तुमच्या लीडले. तिले येते ना ते?"

या सूचनेचं मी काय केलं ते सांगत नाही. इतकंच सांगतो की कुलरचा पाइप मी पायानं उडवला, तो नळातून निसटला आणि हॉलमध्ये पाणी झालं. पुसलं मीच. पुसताना मनातल्या मनात मी लीडशी भांडत होतो, आणि तिथे मी फार छान बोलत होतो.

खरं तर त्या गाडीच्या उदाहरणात न कळण्यासारखं काही नव्हतं. जगातली एकही गाडी स्वतःचं इंजिन बनवत नाही हे मला चांगलंच कळत होतं. फक्त माझ्याच स्क्रीन बनवतात, हे मान्य करायचं नव्हतं. ते मान्य केलं की मग इतकी वर्षं मी उन्हात उभं राहून जे केलं, त्याला ती काय म्हणते ते खरं ठरलं असतं.

म्हणून रविवारी मी ठरवलं, कन्हानला जायचं. खऱ्या काट्यावर, खऱ्या ट्रकनं ॲप टेस्ट करायचं, पावत्यांचे फोटो काढायचे आणि सोमवारी तिच्या टेबलावर आपटायचे. घ्या तुमची टेस्ट.

निघताना बायको मागे मागे. पाण्याची बाटली दिली. पांढरा दुपट्टा दिला, डोक्याला बांधायला. मग कांदा दिला, लू लागू नये म्हणून खिशात ठेवायला.

"कांदा? लॅपटॉपवाला माणूस आहे मी. खिशात कांदा घेऊन फिरू?"

"लॅपटॉपवाल्याले लू लागत नाही का?"

"नको म्हटलं ना!" मी म्हणालो आणि दार आपटून निघालो. दार कुलरच्या हवेनं पुन्हा उघडलं, त्यामुळे आपटण्याचा परिणाम काही झाला नाही.

कामठीपर्यंत बस, पुढे शेअरिंग ऑटो. ऑटोत माझ्या अर्ध्या मांडीवर एक अनोळखी माणूस बसला होता. मी दुपट्टा तोंडावर घट्ट बांधला आणि आतल्या आत सगळ्यांना शिव्या दिल्या. लीडला, हसून शिकवणाऱ्यांना, ॲटच्या चिन्हाला, आणि ज्यानं कोणी 'लेगसी' हा शब्द काढला त्याला.

डेपोत पोचलो तर मुनशी शेडखाली खाटेवर आडवा. फाटकाला साखळी.

"साहेब, तुम्ही आज?"

"ट्रक किती वाजता येतील?"

"आज कसचे ट्रक? आज लोडिंग बंद राहते ना, इतवार हाये."

कंपनीत सगळ्यात जास्त वेळा या डेपोत आलेला माणूस मी. रविवारी लोडिंग बंद असतं हे मला ठाऊक नव्हतं, कारण रविवारी मी कधी आलोच नव्हतो.

"एखादी गाडी? ट्रॅक्टर? काहीही चालेल."

"नाही ना."

"म्हैस कुठे आहे?"

मुनशी उठून बसला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग सूर्याकडे बघितलं. "साहेब, पाणी पेता का तुम्ही?"

"अहो, ती परवा काट्यावर बसली होती ती म्हैस. तिला नव्या काट्यावर उभी करायची आहे."

"ते नदीत जाऊन बसली असन. आन् नव्या काट्यावर सावली कुठं हाये? ते काही येडी नाही, या उन्हात तिथं उभी राहाले."

म्हशीला जे कळत होतं ते मला कळत नव्हतं. मी बूट काढले, का काढले कोण जाणे, कदाचित काटा म्हणजे देऊळच वाटलं असेल, आणि नव्या काट्यावर जाऊन उभा राहिलो. लोखंड तापून लाल झालेलं. पुन्हा बूट घातले. मुनशीला ओरडून सांगितलं, "फोनवर काय दिसतं ते बघा!"

तो फोन घेऊन शेडच्या काठापर्यंत आला. डोळे बारीक केले. मग वाचलं, "काटा रिकामा आहे. कृपया वाहन आणा."

हे वाक्य मीच लिहिलेलं होतं. काट्यावर कुत्रं आलं, माणूस आला, तर ॲपनं ते वजन धरू नये म्हणून मीच ती अट घातली होती. 'कृपया'सुद्धा माझंच. भर उन्हात, तापलेल्या लोखंडावर, मी स्वतः लिहिलेलं ॲप मला सांगत होतं की इथे कोणी नाही.

मला तिथे जो राग आला तसा आजवर आला नव्हता. गंमत अशी, की तो कोणावर काढायचा तेच सुचेना. लीड तिथे नव्हती. हसणारे लोक नव्हते. मुनशी बिचारा फोन धरून उभा. रागाला समोर कोणी मिळालं नाही की तो अंगावर येतो. मी शेडखाली आलो, मुनशीच्या टेबलावरचं सामान बाजूला सारलं आणि लॅपटॉप उघडला. लॅपटॉप म्हणाला, बॅटरी संपत आली आहे. चार्जर मी घरी विसरलो होतो, हे मला स्पष्ट आठवत होतं. तरी बॅगेत हात घातला. चार्जर होता. त्याच्याखाली कांदाही होता.

मग मी चिडून चिडून काम केलं. पावतीची स्क्रीन उघडली आणि तिच्या पोटातून काटा उपटून काढला. म्हणजे काटा तयार करणारी ती ओळ पुसली आणि क्लासच्या दारातच लिहिलं, आत येताना काटा घेऊन ये. तो कोणता काटा, कोणत्या कंपनीचा, कोणत्या पत्त्यावरचा, ते या स्क्रीनबाईनं विचारायचं नाही. वजन सांगतो ना? मग तो काटा. मग यादीची स्क्रीन. मग बाकीच्या. प्रत्येकीच्या पोटातला काटा काढताना मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. सगळे काटे काढून झाल्यावर ॲपच्या अगदी सुरुवातीला, एकाच जागी, एकच काटा ठेवला आणि तोच सगळ्यांच्या हातात दिला. नवा काटा आला तर बदलायची ओळ ती एकच. आता विसरायला दुसरी जागाच राहिली नाही.

आणि मग मी खोटा काटा लिहिला. जेमतेम काही ओळींचा. मी सांगीन ते वजन तो दाखवतो, बस. त्या क्लासला नाव देताना माझा राग उतरलेला नव्हता. मी नाव दिलं 'म्हैस'.

खोट्या काट्यावर मी भरलेला ट्रक उभा केला. पावती बरोबर. रिकामा ट्रक उभा केला. बरोबर. शेडखाली बसून, दुपट्ट्याला घाम पुसत, मी ट्रकांमागून ट्रक तोलले. एकाही ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही. मग वाटलं, वजन चालू असताना काट्यापासून वायफायच्या डब्यापर्यंतची तार तुटली तर? खऱ्या काट्यावर हे मला कधीच बघता आलं नव्हतं. मागे एकदा वायरला नुसता हात लावला तर मुनशी ओरडला होता, "साहेब, हात नका लावू, मालक मले जित्ता गाडन!" आता म्हशीला सांगितलं, मध्येच गप्प बस. ती बसली. ॲप अडकलं. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. इतकी वर्षं मी इथे उभा राहिलो आणि हे मला दिसलं नव्हतं. तेही दुरुस्त केलं. दुरुस्त करताना दात इतके आवळले होते की जबडा दुखायला लागला.

मुनशीनं चहा आणला. स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाला, "ट्रक तं एकबी नाही आला. मंग तुम्ही कायचं वजन करून राहिले?"

"खोटं खोटं."

"हे मालकाले नका सांगजा," तो हळूच म्हणाला.

सोमवारी लीडनं माझा कोड वाचला. मी समोर बसून तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होतो. चुकलं म्हणाली असती तर भांडायला बरं झालं असतं. ती वाचत गेली, वाचत गेली, आणि थांबली.

"सर, हे म्हैस काय आहे?"

"खोटा काटा."

ती पडद्याकडे बघत राहिली. ओठ घट्ट दाबून धरले होते. "नाव बदलाल का? मालकाला दाखवायचं आहे."

"नाही बदलणार."

"ठीक आहे," ती म्हणाली. "बाकी बरोबर आहे सर. तार तुटण्याची केस मलाही सुचली नसती."

मालक आला, बघितलं, मान हलवली, दुसऱ्या डेपोलाही हेच बसवा म्हणाला आणि गेला. ॲप माझ्याकडे राहिलं. लीडनं मागाहून सांगितलं, की नवीन आलेल्या पोरांना डिपेन्डन्सी इंजेक्शन मीच शिकवायचं. मी हो म्हणालो आणि जागेवर जाऊन पुन्हा चिडलो. ती बरोबर होती, याचा राग माझा अजून गेलेला नाही. चुकीच्या माणसावरचा राग पुढेमागे विसरतो तरी. बरोबर निघालेल्या माणसावरचा कसा विसरायचा, हे कोणत्या व्हिडिओत नाही.

संध्याकाळी घरी आलो, पाय पसरून दिवाणावर बसलो आणि बायकोला सगळं समजावलं. आता मी शिकवणारा माणूस होतो, तेव्हा सराव म्हणूनही. गाडीचं उदाहरण कटाक्षानं टाळलं. ती गोळाभाताची तयारी करत ऐकत होती.

"म्हणजे बघ," मी म्हणालो, "स्क्रीननं उठायचं नाही. काही आणायचं नाही, काही शोधायचं नाही. तिला जे लागतं ते वेळेच्या आधी तिच्या हातात आलेलं असतं. तिनं फक्त आपलं काम करायचं."

"आन् ते कोण आणून देते?"

"असते बाहेर एक. तिचं कामच ते. कोणाला काय लागतं ते लक्षात ठेवायचं आणि ज्याचं त्याला पोचवायचं."

"स्क्रीनले माहीत राहते का, कोणी दिलं ते?"

"छे! तीच तर गंमत आहे. तिला पत्ताही नसतो. मध्येच चार्जर... म्हणजे, काटा बदलला तरी कळत नाही."

तिनं गोळे भातात ठेवले, झाकण लावलं, हात पुसले. माझ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून कालचा कांदा काढला, उन्हानं सुरकुतलेला, आणि टोपलीत टाकला.

"बरं चाललंय म्हणा तिचं," ती म्हणाली. "उठा आता. आज ताट आपलं आपण घ्या."